पंपातल्या १५ मिलिवरून दूध मोजू नकोस

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २६ वर्षांची, पहिलंच बाळंतपण, सध्या माहेरी तालुक्याच्या गावी आहे. सिझेरियन होऊन नऊ दिवस झाले. मुलगी जन्मली तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होती, पाचव्या दिवशी दवाखान्यातून निघताना २ किलो ६६० ग्रॅम भरली. त्यानंतर वजन केलेलं नाही. तिसऱ्या रात्री ती सारखी रडत होती म्हणून पावडरचं दूध सुरू केलं; आता दिवसातून तीनदा ६० मिलि बाटलीने देतो. अंगावर घेतली की पाच मिनिटांत झोपते, खाली ठेवली की रडते. उजव्या बोंडाला चीर पडली आहे, ती तोंड लावते तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. डावीकडचं बोंड आत गेल्यासारखं आहे, तिथे ती पकडतच नाही. काल पंप लावला तर दोन्हीकडचं मिळून १५ मिलि निघालं. आई म्हणते दूध पातळ आहे, त्याने पोट भरत नाही. मावशी म्हणते मध चाटव. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई माझी छाती रगडून गाठी मोडतात. मला तिला अंगावरच पाजायचं आहे. मला खरंच दूध येत नाहीये का?

उत्तर : तू लिहिलेल्या सगळ्या गोष्टी एकत्र वाचल्या की दूध नसल्याची शंका मागे पडते. बाळाची पकड चुकते आहे, हेच जास्त दिसतं. चीर, पाच मिनिटांत झोपणं, खाली ठेवल्यावर रडणं, या तिन्हींचं मूळ बहुतेक एकच आहे. बाळ बोंडाच्या टोकावरच चोखतं, म्हणून तुला दुखतं आणि त्याला थोडंच दूध मिळतं. ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे, नवव्या दिवशीसुद्धा. पण पकडीकडे वळण्याआधी एक काम आजच कर : बाळाचं वजन.

पाचव्या दिवशीची घट २४० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८ टक्के. पहिल्या काही दिवसांत ७ टक्क्यांपर्यंत वजन उतरणं नेहमीचं असतं. १० टक्क्यांच्या पुढे गेलं की डॉक्टरांनी बाळ तपासायलाच हवं. तुझं बाळ या दोहोंच्या मध्ये होतं, म्हणून पाचव्या दिवसानंतर वजन न होणं मला खटकतं. साधारण पाचव्या दिवसापासून बाळ रोज २० ते ३० ग्रॅमने वाढायला लागतं आणि १० ते १४ दिवसांत जन्माच्या वजनाला परत येतं. त्या हिशोबाने आज ते २ किलो ७४० ते २ किलो ७८० ग्रॅमच्या आसपास असायला हवं. आज २ किलो ६६० च्या खाली भरलं, तर हे उत्तर बाजूला ठेव आणि आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. वरचं दूधही तोवर अजिबात कमी करू नकोस. वजन वाढलेलं असेल तर पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे.

वजन उघड्या अंगाने, पाजण्याआधी, आणि दर वेळी एकाच काट्यावर कर. दोन काट्यांत ५० ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यावरून घरात रडारड होते. गावच्या आशाताईंकडे बाळाचा वजनकाटा असतो. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ बघायचं असतं. तू माहेरी आल्यामुळे तुझं नाव त्यांच्या यादीत नसण्याची शक्यता आहे, म्हणून निरोप तूच धाड.

आता पंपातल्या १५ मिलिबद्दल. पंपाने निघालेलं दूध हे छातीत असलेल्या दुधाचं माप नाही. दूध वाहायला पान्हा फुटावा लागतो आणि पान्हा फुटतो तो बाळाच्या चोखण्याने, त्याच्या स्पर्शाने, कधी नुसत्या त्याच्या आवाजाने. दुखरं बोंड, नवं यंत्र, समोर मिलिच्या खुणा आणि मनात धास्ती असताना तो अडतो. भरपूर दूध असणाऱ्या आयांचंही पहिल्या पंधरवड्यात पंपाने थोडंच निघतं, आणि पंपाचा कप बोंडाच्या मापाचा नसेल तर आणखी कमी.

त्यापेक्षा हा हिशोब बघ. या वयाच्या बाळाला किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलि दूध लागतं. तुझ्या मुलीला सुमारे ४०० मिलि. तुम्ही वरून देताय १८० मिलि. तिचं वजन रोज वीसएक ग्रॅमने वाढत असेल, तर उरलेलं २०० मिलिच्या वरचं दूध ती कुठून पिते? तुझ्याचकडून. पकड चुकीची असताना, एक बाजू जवळपास बंद असताना, एवढं.

आईने पाहिलेला पातळपणाही खरा आहे, फक्त त्याचा अर्थ तो नाही. पाजायला सुरुवात करताना येणारं दूध निळसर पातळ दिसतं आणि छाती रिकामी होत जाते तसा त्यात स्निग्धांश वाढतो. बाळ पाच मिनिटांत झोपत असेल तर ते शेवटच्या दाट दुधापर्यंत कमीच पोचतं. म्हैस आणि आई यांच्या दुधाचा रंग एकसारखा असायचं कारण नाही. आणि सिझेरियननंतर दूध भरायला तीन-चार दिवस, कधी थोडं जास्त लागतात. तिसऱ्या रात्री ती रडली तेव्हा तुझ्याकडे चीक होता. चीक एका वेळी थोडाच येतो, म्हणून बाळ तासातासाला मागतं आणि त्या मागण्यानेच दूध उतरायला सुरुवात होते.

पकड आता नीट समजावून सांगते. हे वाचून दाखवायला कोणाला तरी शेजारी बसव, कारण तुझे दोन्ही हात गुंतलेले असतील.

बाळ रडू लागायची वाट बघू नकोस. ते मान वळवतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडात घालतं, तेव्हाच उचल. रडणाऱ्या बाळाची जीभ वर चढलेली असते आणि त्याला नीट पकडता येत नाही. पाठीला टेका घेऊन बस, पाय जमिनीला किंवा पाटावर टेकव, टाक्यांवर एक उशी ठेव आणि बाळ त्या उशीवर छातीच्या उंचीला आण. तू बाळावर वाकायचं नाही, बाळ तुझ्याकडे यायचं. दुपट्यातून सोडव. तिचं पोट तुझ्या पोटाला लागलं पाहिजे, आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत. मान वळवून तू स्वतः पाणी गिळून बघ, म्हणजे हे का ते कळेल.

उजवीकडे पाजायचं असेल तर बाळ डाव्या हातावर घे. डाव्या हाताचा तळवा तिच्या खांद्यांच्या मध्ये, अंगठा आणि बोटं दोन्ही कानांच्या मागे. डोक्याच्या मागच्या बाजूवर दाब देऊ नकोस. तिथे दाबलं की बाळ मागे झुगारतं आणि घरातले म्हणतात, हिला अंगावरचं नकोच आहे. उजव्या हाताने उजवा स्तन खालून धर, अंगठा बाहेरच्या बाजूला, बोटं आतल्या बाजूला, बोंडापासून तीन बोटं दूर. काळ्या भागावर बोट आलं तर बाळाला पकडायला जागाच उरत नाही. मग अंगठा आणि बोटं जराशी जवळ आण. वडापाव खाताना तो तोंडात मावावा म्हणून आपण ओठांच्या रेषेत दाबतो ना, तसंच इथे. बाळ आडवं असलं की त्याच्या ओठांची रेघ उभी असते, म्हणून स्तन दोन्ही बाजूंनी दाबायचा, वरून-खालून नाही. बऱ्याच आया दोन बोटांच्या चिमटीत, कात्रीसारखं धरतात आणि तिथेच बिघडतं.

आता बोंड तिच्या नाकासमोर आण, तोंडासमोर नाही. बोंडाने वरच्या ओठाला हलकेच स्पर्श कर आणि थांब. ती मान थोडी मागे टाकून तोंड उघडेल. पहिल्या अर्धवट उघडण्याला भुलू नकोस. जांभईएवढं मोठं उघडलं, की त्या क्षणी खांद्यांपासून तिला जवळ ओढ. आधी हनुवटी आणि खालचा ओठ लागू दे, बोंडापासून बरंच खाली, आणि बोंड सगळ्यात शेवटी वरच्या ओठाखालून आत जाऊ दे. ते टाळूच्या दिशेने, आत मागे, जिथे टाळू मऊ होते तिथवर गेलं पाहिजे. तिथे ते दाबलं जात नाही, म्हणून दुखत नाही.

बरोबर लागल्याची खूण अशी : हनुवटी स्तनात रुतलेली, नाक मोकळं किंवा जेमतेम टेकलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर. काळा भाग नाकाच्या बाजूला जास्त दिसतो, हनुवटीच्या बाजूला जवळजवळ दिसत नाही. गालाला खळी पडत असेल, जिभेचा टक-टक आवाज येत असेल, तर पकड उथळ आहे. पहिली दहा-वीस सेकंदं ओढ बसते, तेवढी चालते. त्यानंतरही दुखत असेल तर सहन करत बसू नकोस. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये घाल, हवा आत गेली की ती सुटेल. नुसतं ओढून काढलंस तर चीर वाढेल. पुन्हा लाव. पहिल्या दिवशी एका वेळेला चार-पाचदा लावावं लागेल. त्यात तुझं किंवा तिचं काही चुकत नसतं.

पाजून झाल्यावर बोंड बघ. गोल राहिलं असेल तर छान. एका बाजूने चपटं, तिरकं, टोकाला पांढरं पडलं असेल, तर ते टाळूच्या कडक भागावर दाबलं गेलं आहे. टक-टक आवाज आला नाही तरी ही खूण चूक दाखवते.

टाके ओढत असतील तर रात्री कुशीवर झोपून पाज, बाळही कुशीवर, पोटाला पोट. किंवा बाळ बगलेत घे : अंग तुझ्या काखेखाली, पाय मागे, डोकं तळहातावर. या पद्धतीत टाक्यांवर भार येत नाही आणि बाळाचं तोंड तुला नीट दिसतं. डावीकडे ती पकडत नाही, तिथे आधी हीच पद्धत वापर. झोपून पाजताना तुला डोळा लागायची शक्यता असते, म्हणून बाळाजवळ जाड उशा, गोधड्या नकोत आणि सोफ्यावर तर अजिबात नको.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे स्तनपानावरचे मराठी व्हिडिओ मोफत आहेत. मोबाईलवर लावून समोर ठेव.

पाच मिनिटांत झोपण्यावर उपाय पकडीतच आहे, पण आणखी एक जोड लागते. नीट पिणारं बाळ आधी भराभर चोखतं, मग पान्हा आला की चोखणं संथ होतं, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. हे थांबून नुसती हनुवटी थरथरायला लागली की दूध येणं मंदावलंय. तेव्हा स्तन पूर्ण हाताने धरून दाब, दुखेल इतका नाही, आणि तसाच धरून ठेव. दूध आलं की ती पुन्हा गिळायला लागेल. थांबली की दाब सोड, पुन्हा दाब. यालाही प्रतिसाद नसेल तर सोडवून ढेकर काढ, लंगोट बदल, पाय चोळ आणि दुसऱ्या बाजूला लाव. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं करू नकोस. एक बाजू ती स्वतः सोडेपर्यंत, मग दुसरी. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. वजन जन्माच्या आकड्याला येईपर्यंत दिवसा तीन तासांपेक्षा आणि रात्री एकदा चार तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नकोस, उठव. संध्याकाळी बाळं बऱ्याचदा दोन-तीन तास सलग पीत राहतात. दूध संपलं म्हणून नव्हे, वाढीच्या दिवसांत त्यांची पद्धतच ती असते.

चिरेला औषध पकडीचंच. बाकीचं सगळं दुय्यम. पाजून झाल्यावर दुधाचे दोन थेंब चिरेवर लाव आणि वाऱ्याने वाळू दे. दर वेळी साबणाने धुवू नकोस, त्याने कातडीचा नैसर्गिक तेलकटपणा जातो. शुद्ध लॅनोलिनचं मलम लावलंस तर ते पुसायला लागत नाही. पाजताना कमी दुखऱ्या बाजूने सुरू कर आणि पान्हा आला की चिरेच्या बाजूला घे. थोडं रक्त बाळाच्या पोटात गेलं तर अपाय नाही, उलटी लालसर दिसली तर घाबरू नकोस. पकड नीट झाल्यावर चीर दोन-तीन दिवसांत भरायला लागते. भरली नाही, पिवळा स्राव आला, किंवा पकड चांगली दिसूनही प्रत्येक वेळी दुखत राहिलं, तर बाळाची जीभ खाली चिकटलेली आहे का हे डॉक्टरांकडून बघून घे.

डाव्या बोंडाचं. बाळ बोंड पीत नाही, भोवतीच्या काळ्या भागासकट स्तन पीत असतं, म्हणून चपट्या बोंडाच्या आयाही उत्तम पाजतात. काळ्या भागाच्या कडेवर अंगठा आणि बोटाने दाबून बघ. बोंड बाहेर आलं तर ते फक्त चपटं आहे, पाजण्याआधी बोटांनी थोडं फिरवलं की पुरतं. आणखी आत ओढलं गेलं तर सिरिंजचा उपाय कर. औषधाच्या दुकानातून २० मिलिची नवी सिरिंज आण, सुई लावायच्या टोकाकडचा भाग ब्लेडने कापून टाक आणि दांडा त्या कापलेल्या बाजूने आत घाल. मूळची गुळगुळीत कड बोंडावर ठेवायची, कापलेली खरखरीत कड कधीही नाही. दांडा हळू ओढ, बोंड आत येईल, अर्धं ते एक मिनिट धर, सोड. पाजण्याआधी दर वेळी. दुखलं की ओढ कमी कर. छाती दुधाने टणक झाली असेल तर बोंड आणखी चपटं होतं. अशा वेळी बोंडाच्या मुळाशी पाचही बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर स्थिर दाब दे, सूज मागे सरते आणि काळा भाग मऊ होतो.

वरचं दूध एकदम बंद करू नकोस. आधी बाटली बंद कर. तीच १८० मिलि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने दे, बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरून, ओठाला दूध लावून, ओतून नव्हे. बाटलीतून दूध आपोआप येतं, तिथे तोंड मोठं उघडावं लागत नाही आणि बाळ तीच सवय छातीवर आणतं. दर वेळी आधी दोन्ही बाजूंनी अंगावर, मग वरचं. वजन रोज २५ ग्रॅमच्या आसपास वाढू लागलं की दर दोन दिवसांनी दिवसाचं एकूण ३० मिलि कमी कर आणि तिसऱ्या दिवशी वजन कर. रोजची वाढ २० ग्रॅमच्या खाली गेली तर तिथेच थांब. या गतीने दहा-बारा दिवस लागतात. पहिल्यांदा रात्रीचं वरचं दूध कमी कर, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं आणि रात्रीचं पाजणं चुकलं की दुसऱ्या दिवशी दूध घटतं. "तू झोप, आम्ही रात्री बाटली देतो" ही घरातली माया आहे, पण या काळात ती उलटी पडते. रात्री मदतच करायची असेल तर आईने बाळ उचलून तुझ्यापाशी आणावं, ढेकर काढावी, लंगोट बदलावा.

तोवर पावडर बनवताना डब्यावर लिहिलेलं माप काटेकोर पाळ, बहुतेक डब्यांवर ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा असतं. पुरवून वापरायला पातळ केलेल्या दुधाने पोट फुगतं, वजन वाढत नाही. उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडरीत घाल, मग निववून दे. उष्टं उरलेलं टाकून दे. आणि एक गोष्ट माहीत असू दे : १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने आपल्याकडे पावडरच्या दुधाची जाहिरात आणि आयांना फुकट नमुने देणं बंद आहे. कुणी तुला फुकट डबा देऊ केला तर तो घेऊ नकोस.

त्या १८० मिलिमध्ये हळूहळू तुझंच दूध भर. दिवसातून चार-पाच वेळा, त्यातला एक रात्रीचा, पाजल्यावर दहा मिनिटं हाताने दूध काढ. पंपापेक्षा हात आत्ता जास्त देईल. हात धू, उकळलेली रुंद तोंडाची स्टीलची वाटी घे. अंगठा आणि तर्जनी बोंडापासून सुमारे ३ सेंटीमीटर मागे ठेव. आधी छातीच्या दिशेने आत दाब, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाब, सोड. बोटं कातडीवर घसरवू नकोस, बोंड पिळू नकोस. पहिल्या मिनिटात काहीच येणार नाही, मग थेंब, मग बारीक धार. बोटांची जागा फिरवत राहा. काढलेलं दूध झाकून ठेवलं तर घरात चार तास टिकतं, कडक उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये ठेव. फ्रिजमध्ये, दारात नव्हे, मागच्या बाजूला, २४ तास. गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट कर, गॅसवर उकळू नकोस.

न्हाऊ घालणाऱ्या बाईंना छाती रगडणं आजपासून थांबवायला सांग. इथे मी आग्रह धरते. दुधाची गाठ म्हणजे आतली सूज असते, रगडल्याने ती वाढते आणि त्यातून स्तनदाह होतो, तोही चीर असलेल्या बाजूला लवकर. गाठ असेल तर पाजण्याआधी दोन मिनिटं कोमट फडकं, बाळाला नेहमीप्रमाणे पाजणं, आणि नंतर गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटं. दुखत असेल तर पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं. बाईंना वाईट वाटायला नको असेल तर पाठ, कंबर आणि पाय चोळायला सांग, त्याची तुला गरजही आहे. बाळाच्या छातीला कधी गाठ लागते, दुधाचा थेंबही येतो. आईच्या संप्रेरकांमुळे तसं होतं आणि आपोआप जातं. तेही पिळू द्यायचं नाही, त्यात पू होतो.

मध वर्षभर नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मावशीला हे कारण सांग, नुसतं "डॉक्टर नको म्हणाले" सांगितलंस तर ती तू झोपल्यावर चाटवेल. बाळगुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर, साधं पाणी, सहा महिने काहीच नको, एप्रिल-मे असला तरी. बाळाला फक्त रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब, बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घे.

तुझ्या खाण्याबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे माहेरी कमतरता नसते. रोजच्यापेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात : एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा डाळ, एक पेला दूध, मूठभर शेंगदाणे, इतकं साधं. हळीव, डिंक, मेथीचे लाडू, शेपू, लसूण, खसखशीची खीर हे सगळं खा, लोह आणि ताकद मिळते. पण पकड चुकलेली असेल तर कितीही हळिवाने दूध वाढणार नाही. छाती जितकी रिकामी होते तितकी भरते. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, हे मात्र ऐकू नकोस. पाजायला बसताना शेजारी तांब्या-भांडं असू दे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस.

पुरेसं मिळतंय का, हे रडण्यावरून ओळखू नकोस. लंगोटावरून ओळख. आता चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर ओली शू आणि तीन-चारदा पिवळी, फाटल्यासारखी शी व्हायला हवी. डायपरमध्ये शू कळत नाही, म्हणून काही दिवस सुती लंगोट वापर. भरपूर म्हणजे किती, ते बघायला कोरड्या लंगोटावर तीन मोठे चमचे पाणी ओतून हाताने वजन घे. वरचं दूध कमी करत असताना या शू घटल्या नाहीत, तर ती कमतरता तू भरून काढते आहेस.

हे सगळं आठवडाभर नीट करूनही वजन सरकलं नाही, तर स्वतःला दोष देत बसू नकोस, तपासणी करून घे. थायरॉइड, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा आत राहिलेला तुकडा, गरोदरपणात छातीची वाढच न होणं, या कारणांनी काही आयांना दूध खरोखर कमी येतं. त्यातली काही कारणं बरी होतात. बाकीच्यांनी जितकं येतं तितकं अंगावर आणि उरलेलं वरचं द्यावं. त्यात काही कमीपणा नाही. दूध वाढवायच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नकोस.

आणि पुढच्या गोष्टी दिसल्या तर रात्र असली तरी दवाखाना गाठ : पाजायला उठवूनही बाळ उठत नाही किंवा चोखत नाही, आठ तासांत शू नाही, लंगोटावर विटकरी डाग (पहिल्या तीन दिवसांनंतर ते दिसायला नकोत), तळहात-तळपाय पिवळे, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप किंवा अंग गार पडणं, हिरवी उलटी, डोक्यावरची टाळू खोल गेलेली. तुझ्यासाठी : ताप आणि थंडी, छातीवर लाल गरम चट्टा जो २४ तासांत ओसरत नाही, टाक्यांतून पू. स्तनदाहात पाजणं थांबवायचं नसतं, त्या बाजूचं दूधही बाळाला चालतं.

पत्रात तू झोपेबद्दल काही लिहिलं नाहीस, म्हणून विचारते : बाळ झोपतं तेव्हा तुला झोप लागते का? पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं बहुतेकींना होतं. ते त्यापुढे टिकलं, बाळ झोपूनही झोप येईना, बाळाकडे बघावंसं वाटेना किंवा स्वतःला इजा करायचे विचार आले, तर आईला सांग आणि १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर फोन कर. तिथे मराठीत बोलता येतं.

आज वजन, आज बाटलीऐवजी वाटी-चमचा, आणि पुढच्या पाजण्याला बोंड नाकासमोर. तीन दिवसांनी पुन्हा वजन करून दोन्ही आकडे कळव.